आठव्या महिन्याचे लेकरू

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "आपल्या गावाचा इतिहास लिहून द्या" असे कार्यवाहबाईंनी मला सांगितले. त्यांच्या मनात देवळांचा इतिहास असावा, आणि ते साहजिकही आहे. मार्कंडा म्हटले की वैनगंगेच्या काठावरचा तो देवळांचा समूह डोळ्यांपुढे येतो. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅमसाहेबांनी येथे येऊन त्या देवळांचे वर्णन लिहिले. विदर्भाचे खजुराहो असे त्यांना म्हणतात. सगळीकडे दक्षिणेची वाट धरणारी वैनगंगा येथे उत्तरेकडे वळते, म्हणून हे स्थान पवित्र मानले गेले. महाशिवरात्रीच्या यात्रेला लांबलांबून माणसे येतात. हे सर्व आपणा भगिनींना ठाऊकच आहे, आणि माझ्यापेक्षा जाणत्या मंडळींनी ते लिहूनही ठेवले आहे.

मला मात्र आज दुसराच इतिहास लिहावासा वाटतो. त्याला शिलालेख नाही. तो आपल्या बाळंतिणीच्या खोल्यांत घडला आणि नदीकाठच्या मातीत पुरला गेला. घाईने, महिने भरण्याआधी जन्मलेल्या आणि चार दिवसांत परत गेलेल्या लेकरांचा तो इतिहास आहे. वर्धापनदिनाच्या आनंदात असा विषय कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण आपले गावच एका अल्पायुषी मुलाच्या नावाने ओळखले जाते, याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

मार्कंडेयाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मृकंडू ऋषी आणि मरुद्वती यांना मूल नव्हते. शंकर प्रसन्न झाले तेव्हा त्यांनी विचारले, दीर्घायुषी पण मंदबुद्धी पुत्र हवा, की गुणवान पण सोळाच वर्षांचा? आईबापांनी गुणवान मागितला. सोळावे वर्ष भरले, यमाने पाश टाकला, आणि मुलाने शिवलिंगाला मिठी मारली. त्या मिठीमुळे तो वाचला. आजही मुलांच्या वाढदिवसाच्या जुन्या विधीत मार्कंडेयाचे स्मरण करतात आणि गूळ-तीळ घातलेले दूध पितात, ते यासाठीच. कथेत बापाची तपश्चर्या आहे, मुलाची भक्ती आहे. मरुद्वतीने ती सोळा वर्षे दिवस मोजत कशी काढली, ते मात्र कोणी सांगत नाही. माझा इतिहास तिच्या बाजूचा आहे.

आरंभ माझ्याच घरापासून करते, कारण दुसऱ्याच्या घरचे दुःख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

1979 सालच्या पौषात माझी पहिली खेप झाली. तेव्हा गडचिरोली जिल्हा झालेला नव्हता. तो 1982 च्या ऑगस्टात झाला. आपण सारे चांदा जिल्ह्यातच मोडत होतो. मला आठवा महिना चालू होता. धानाची मळणी आटोपून घरी आले आणि रात्री पोटात दुखू लागले. सुईण आली, पहाटे मुलगा झाला. तो ओंजळीत मावेल एवढा होता. रडला, पण मांजराच्या पिलासारखा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्याला लगेच न्हाऊ घातले, अंगावरचा पांढरा थर चोळून काढला, सुपात जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर ठेवले आणि सगळ्या माझ्याकडे वळल्या. माझा पहिला चीक पिळून टाकला. बाळाला गुळाच्या पाण्याचे बोट चाटवले. त्याला ओढता येत नव्हते. तिसऱ्या रात्री मी त्याचे पाय हातात घेतले तर ते विहिरीच्या दगडासारखे गार होते. उजाडण्यापूर्वी तो गेला.

दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत. यजमान आणि धाकटे दीर त्याला घेऊन नदीकडे गेले. जागा कोणती, ते मला सांगितले नाही. मीही विचारले नाही. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळी लिहिते म्हणतात. माझ्या बाळाने तिचीही वाट पाहिली नाही. बारसे झाले नव्हते, म्हणून नाव नाही. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नोंद नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "आठव्या महिन्याचं लेकरू राहात नसते वो बाई. सातव्याचं राहाते." त्या कठोर नव्हत्या. त्यांची स्वतःची तीन गेली होती. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशीपासून त्या विषयावर घरात कोणी बोलले नाही.

सातमासे जगते आणि आठमासे जगत नाही, ही समजूत आपलीच आहे असे मला पुष्कळ दिवस वाटत असे. पुढे वाचनात आले की दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीस देशातील वैद्यांनीही नेमके हेच लिहून ठेवले होते. हिपॉक्रेटिसच्या परंपरेत आठमाशा गर्भावर स्वतंत्र प्रकरणच आहे. समजूत जुनी असली म्हणून ती खरी ठरत नाही. पोटात जितका आठवडा अधिक, तितके बाळ जगण्याची आशा अधिक. आठमासे बाळ सातमाशाहून सशक्तच असते. परंतु "ते राहात नसते" असे एकदा ठरले, की त्याला राखण्याची खटपट कोण करणार? समजुतीनेच पुष्कळ लेकरे गार झाली असतील.

अशी लेकरे जात म्हणून आपल्या बायाबापड्यांनी आपापल्या परीने उपायही शोधले. पहिली दोनतीन गेली की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकाबाई असे ठेवायचे. नाव ओंगळ असले म्हणजे यमाची नजर जाणार नाही, असा त्यात हेतू. कोणी लेकरू शेजारणीच्या पदरात टाकून मूठभर धान्य देऊन परत विकत घेत असे. जुन्या याद्यांत अशी नावे दिसली की आपण हसतो. पण प्रत्येक दगडूच्या मागे नाव न मिळालेली भावंडे आहेत. माझ्या दुसऱ्या मुलाचे घरातले नावही सासूबाईंनी दगडावरूनच ठेवले. तो आता चाळिशी ओलांडून गेला, तरी घरात ते नाव चालते.

हे दुःख केवळ गरिबाघरचे किंवा आडरानातले नव्हते. कल्याणला 1865 साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांचे लग्न नवव्या वर्षी झाले. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला, आणि तो दहा दिवस जगला. योग्य औषधपाणी मिळाले नाही हे शल्य मनात घेऊन त्या 1883 साली समुद्र ओलांडून अमेरिकेला गेल्या आणि 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही प्रसूतिशास्त्र हाच होता. एका वर्षाच्या आत, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, त्यांचेही देहावसान झाले. आपण त्यांना पहिल्या स्त्री डॉक्टर म्हणून वंदन करतो. त्या आधी एक बाळ गमावलेली आई होत्या, हे विसरू नये.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि रमाबाई यांचीही चार लेकरे लहानपणीच गेली. धाकटा राजरत्न 1926 च्या जुलैत गेला. मागे एकटे यशवंतराव राहिले. त्यानंतर दोन वर्षांनी, 1928 साली, गिरण्यांतील कामकरी स्त्रियांना बाळंतपणाची रजा व पैसा मिळावा या विधेयकाला बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात पाठिंबा दिला, आणि 1929 साली तो कायदा झाला. स्वतःच्या घरातून चार वेळा लहान तिरडी निघालेला बाप त्या दिवशी सभागृहात बोलत होता, असे मनात येते आणि ते वाचताना माझे डोळे भरतात.

मग यात दोष कोणाचा? नशिबाचा? मी अनेक वर्षे असेच समजत होते. येथे मला दूरच्या दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

पहिली पॅरिस शहराची. तेथील डॉ. तार्निए यांनी कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी करवून 1880 च्या सुमारास प्रसूतिगृहात ठेवली. बाळ मुख्यतः थंडीने दगावते, त्याला ऊब दिली तर ते वाचते, हे तेव्हाच कळले होते. म्हणजे ज्या सुमारास आनंदीबाईंचे बाळ गेले, त्याच सुमारास! आणि माझे बाळ गेले ते त्यानंतर शंभर वर्षांनी.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. 7 ऑगस्ट 1963 रोजी तेथील अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला, वजन सुमारे 2 किलो 100 ग्रॅम. फुप्फुसे पुरी पिकली नव्हती, श्वास घेता येईना. जगातील सर्वांत बलाढ्य देशाचे डॉक्टर भोवती असूनही ते लेकरू दोन दिवसांत, 9 ऑगस्टला, गेले. त्या रोगावर तेव्हा उपायच नव्हता. पुढे 1980 साली जपानमधील डॉ. फुजिवारा यांनी फुप्फुसात सोडण्याचे औषध वापरून दाखवले, आणि तशी लेकरेही वाचू लागली.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होते. केनेडींच्या घरी माया होती, पैसा होता, पण शास्त्र तोकडे पडले. आमच्या घरी जे हवे होते ते शास्त्राला शंभर वर्षे ठाऊक होते. कोरडे पुसणे, न धुणे, आईच्या अंगाशी धरणे, चीक पाजणे, ओढता येत नसेल तर वाटी-चमच्याने आईचे दूध देणे. यातले काहीही विकत आणायचे नव्हते. ते सांगायला आमच्या उंबरठ्यापर्यंत कोणी आले नव्हते, एवढेच.

ते कोण आणि कसे घेऊन आले, हा या इतिहासाचा दुसरा भाग. आणि तो आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात घडला, याचा मला अभिमान वाटतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन येथे आले, आणि 1986 साली गडचिरोलीला 'सर्च' संस्थेचे काम सुरू झाले. त्यांनी प्रथम मोजणी केली. 1993 ते 1995 या काळात त्यांच्या कामाच्या 39 गावांत हजार जन्मांमागे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. पुढच्या वर्षी, 1995-96 मध्ये, त्यांनी 763 नवजात बाळांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवले. शेकडा 42 बाळे अडीच किलोपेक्षा हलकी होती. निम्म्याहून अधिक बाळांना कोणत्या ना कोणत्या औषधोपचाराची गरज होती, आणि तो मिळालेली बाळे शेकडा 3 देखील नव्हती. बाळंतपणे जवळजवळ सारी घरीच होत. दवाखाना दूर, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि ओली बाळंतीण घराबाहेर पडणार कशी?

तेव्हा बाळाने दवाखान्यात येण्याऐवजी दवाखान्यानेच बाळाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. प्रत्येक गावातील एक थोडी शिकलेली स्त्री निवडून तिला आरोग्यदूत म्हणून तयार केले. ती बाळंतपणाच्या वेळी सुईणीबरोबर हजर राही. बाळ रडले नाही तर त्याला श्वास देई. ताजव्याच्या झोळीत घालून वजन करी, तापमान पाही, श्वास मोजी. हलक्या बाळाला गरम पिशवीत ठेवी, आईला पाजायला शिकवी. पुढे पुढे जंतुसंसर्ग ओळखून आईबापांच्या संमतीने इंजेक्शनही देऊ लागली. शेतात रोवणी करणाऱ्या बाईने नवजात बाळाला सुई टोचावी, ही गोष्ट मोठमोठ्या डॉक्टरांना पटणारी नव्हती. पण 1997-98 साली त्याच 39 गावांत 62 चा आकडा 25 वर आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या 47 गावांत तो घटला नव्हता. 1999 च्या डिसेंबरात लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे सारे छापून आले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी पूर्वी शेकडा 33 जात असत. या कामामुळे ते प्रमाण शेकडा 10 वर आले. आठव्या महिन्याचे लेकरू राहू लागले!

मोजणीचेही एक महत्त्व आहे. 2001 च्या सुमारास डॉ. बंग आणि महाराष्ट्रातील इतर संस्थांनी मिळून बालमृत्यूंची पाहणी केली. 'कोवळी पानगळ' या नावाने तिचा अहवाल निघाला. सरकारी कागदावर दिसत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक लेकरे जात होती, असे त्यात आढळले. ती चर्चा आपल्या मंडळातही झाली. त्या दुपारी एक भगिनी दुसरीला म्हणाली, "तुला लेकरं किती?" "तीन." "झाली किती?" मग ती थांबली आणि म्हणाली, "पाच." आपण सर्वजणी असेच करतो. विचारले की जिवंत तेवढीच सांगतो. त्या दिवशी एकीनंतर एक करीत पुष्कळजणींनी दुसरा आकडा सांगितला. काहींनी तो प्रथमच उच्चारला असेल. मीही सांगितला. बाईने स्वतः न मोजलेले लेकरू सरकारच्या वहीत कोठून येणार? वास्तविक 1969 च्या कायद्याने प्रत्येक जन्माची आणि प्रत्येक मृत्यूची नोंद, मग बाळ घटकाभर जगलेले का असेना, करणे आवश्यक आहे.

त्याच काळात मला हेही कळले की नव्या बाळाला जन्मतः न्हाऊ घालू नये. मी घरी आले ती मोठे ओझे घेऊन. माझ्या बाळाला न्हाऊ घालणारे हात सासूबाईंचे होते. हे त्यांना सांगावे की नाही? सांगितले असते तर मला हलके वाटले असते, आणि त्यांच्या म्हातारपणी त्यांच्या गळ्यात धोंडा बांधला गेला असता. मी सांगितले नाही.

पुढे 2011 साली भारत सरकारने गडचिरोलीचीच ही पद्धत स्वीकारून देशभरातील आशाताईंवर घरोघरी जाऊन नवजात बाळ पाहण्याचे काम सोपवले. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती येते. घरी जन्मलेल्या बाळाकडे पहिल्या दिवशीही. 2013 च्या थंडीत माझी सून आठव्या महिन्यातच बाळंत झाली. नातू 1 किलो 700 ग्रॅमचा. काही दिवस तो जिल्ह्याच्या दवाखान्यात नवजात कक्षात होता, मग घरी आला. आशाताईंनी सुनेला बाळ उघड्या छातीशी उभे धरून वरून लुगड्याने बांधायला शिकवले. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात पेट्या पुरेनात, तेव्हा 1978-79 च्या सुमारास डॉ. रेय यांनी ही रीत काढली. कांगारू पद्धत असे तिला म्हणतात. मला मात्र ती पाहताना आपल्या गाभाऱ्यातली मिठीच आठवली.

आशाताई म्हणाल्या, "दोन किलो होईपर्यंत याला पाणी लावायचे नाही." घरातल्या सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिले. त्या ऐंशीच्या घरात होत्या, बाजेवर बसून होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नोका धुवू." सर्व आपापल्या कामाला लागल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, "तवा मीच धुतलो ना व त्याले?" म्हणजे इतकी वर्षे त्यांनाही तो आठवत होता. मी म्हटले, "तुम्ही थंड पाण्याने नाही धुतले, आत्याबाई. ऊन पाणी केले होते." ते खरेच होते. त्यांनी पहाटे उठून, ओल्या लाकडांवर फुंकर घालघालून पाणी तापवले होते. त्यांना जेवढे ठाऊक होते तेवढी माया त्यांनी केली. मग आम्ही दोघी मिळून रडलो. चौतीस वर्षांनी आमच्या घरात त्या बाळाचे सुतक पाळले गेले, असे मी समजते.

1971 साली आपल्या देशात हजार जन्मांमागे 129 बाळे वर्षाच्या आत जात. 2020 साली ती संख्या 28 वर आली. पण 28 म्हणजे 28 घरे, आणि प्रत्येक घरात एक सुपली, एक गार पाऊल. काम संपलेले नाही.

म्हणून या वर्धापनदिनी माझी दोन नम्र मागणी आहेत. मंडळाने एक वही घालावी. गावातील प्रत्येक बाळाचा जन्मदिवस आणि वजन तीत लिहावे, आणि जे जाईल त्याचेही लिहावे. दुसरी गोष्ट याहून सोपी आहे. ज्या घरचे लेकरू गेले त्या घरी जावे, आणि "पुन्हा होईल" असे न म्हणता त्या आईला विचारावे, ते दिसायला कसे होते?

माझे सावळे होते. केस दाट होते. मला तीन लेकरे झाली, दोन आहेत.